मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी आणि नोकरीचा प्रश्न



निकालाचे दिवस आले की आपल्या वस्तीतील पालक शाळा-कॉलेजच्या दारात भेटतात आणि बहुधा एकच गोष्ट विचारतात. मुलगा बी.कॉम. झाला, मुलगी बी.एस्सी. झाली, आता पुढे काय? या प्रश्नात आनंद कमी आणि काळजी अधिक असते. पदवीचा कागद घरात आला की त्यामागोमाग पगारही येईल, अशी समजूत ज्यांना स्वतःला फारसे शिकावयास मिळाले नाही अशा आईवडिलांची असणे स्वाभाविक आहे. पण तीच समजूत त्यांच्या शिकलेल्या मुलांचीही असावी, याचे वाईट वाटते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एका थोर पुरुषाचे चरित्र तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्यांचे नाव तुम्ही ऐकलेले असणार. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राष्ट्रीय सभेचे तिसरे अध्यक्ष म्हणून त्यांच्या वाट्याला एक ओळ येते, आणि परीक्षेत तेवढी लिहिली की गुण मिळतात. ती ओळ खरी आहे. परंतु मला त्या ओळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे तय्यबजी तुम्हाला दाखवावयाचे आहेत. कारण आपल्या घरातील काळजीशी त्यांचा संबंध तेथे आहे.

तत्पूर्वी आपण ज्या रस्त्याच्या कडेने राहतो त्याच्याकडे क्षणभर पाहू. घोडबंदर हे नाव अरबस्तानातून आलेले घोडे येथील बंदरात उतरत त्यावरून पडले असे सांगतात. म्हणजे हा मुलूख फार पूर्वीपासून व्यापाराच्या वाटेवरचा आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली ती वागळे इस्टेटमध्ये, आणि त्यानंतर ठाणे म्हणजे कारखाने असे समीकरणच होऊन बसले. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी व आजोबांनी भोंग्याच्या वेळेवर उठून वागळे इस्टेटमध्ये, कोलशेत रोडवर, पोखरण रोडवर पाळ्या केल्या, कित्येकांनी भिवंडीत माग चालविले. त्यांना पदवी नव्हती. हातात कसब होते, आणि चाळीस वर्षे एकाच दारातून आत जाऊन त्याच दारातून निवृत्त होण्याची सोय होती. ती सोय आता गेली. रेमंडचा पोखरण रोडवरील कारखाना २००९ साली बंद पडला. त्याच्या आधी व नंतर आणखी कित्येक बंद पडले. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवलीपर्यंत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, संगणक कंपन्यांच्या काचेच्या कचेऱ्या आल्या, मेट्रोचे खांब आले. त्या इमारतींच्या फाटकाशी पाठीवर पिशवी घेऊन, वहीत नाव लिहून, लिफ्टची वाट पाहत उभा असलेला पदवीधर मुलगा आपल्याच शाळेतून गेलेला असतो. कष्टाच्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण तीन वर्षे शिकून जे शिकला त्याचा त्या कामाशी काडीचा संबंध नसावा, आणि ते कामही सहा महिन्यांत सुटावे, हे त्याच्या आईबापांना बोचते. बोचावयासच हवे.

उदीम पालटतो आणि माणसे जुन्याच दाराशी उभी राहतात, असा प्रसंग आपल्या समाजावर पूर्वीही आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईत आणि कोकणकिनाऱ्यावर मुसलमानांचे दोन मोठे आधार होते. एक, शिडाच्या गलबतांवरचा व्यापार; आणि दुसरा, फारसी-अरबीच्या ज्ञानावर मिळणारे मानाचे स्थान. आगबोटी आल्या, १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला, आणि शिडाच्या जहाजांचे महत्त्व ओसरू लागले. फारसी तर १८३७ नंतर कंपनी सरकारच्या कामकाजातून हळूहळू हद्दपार झाली. १८५३ साली बोरीबंदरहून आपल्या ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८६२ साली हायकोर्ट आले. या प्रत्येक ठिकाणी नवी कामे निर्माण झाली, आणि त्यातील वरच्या कामांना इंग्रजी लागत होते. हिंदू व पारशी तरुण त्या दारांतून आत गेले. आपले बहुतेक लोक बाहेर राहिले. मुलगा इंग्रजी शिकला तर दीन सोडील ही भीती एका बाजूला, आणि आपण पिढीजात व्यापारी, आपल्याला कारकुनी कशाला हवी हा अभिमान दुसऱ्या बाजूला.

अशा वेळी तय्यब अली भाईमियाँ नावाच्या, मूळच्या खंबायतच्या सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याने एक विलक्षण निर्णय घेतला. मुंबईत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर व्यापार वाढविला होता. त्यांना सात मुलगे होते. त्या सातही मुलांना त्यांनी शिक्षणासाठी युरोपात पाठविले. आज मुलाला परदेशी पाठविणे म्हणजे कर्जाच्या कागदांवर सह्या करणे. तेव्हा ते जातभाईंच्या टीकेला तोंड देणे होते. त्यांचा मुलगा कमरुद्दीन १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाला, आणि हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य. वडिलांनी मुलांवर केवळ पैसा खर्च केला एवढे म्हणून भागणार नाही. येत्या तीस वर्षांत मुंबईत कोणते काम वाढणार आहे हे त्या व्यापाऱ्याने बाजारभाव ओळखावा तसे ओळखले होते. पालकांना मी हे मुद्दाम सांगत आहे. शेजाऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून आपलाही व्हावा, एवढ्याच विचारावर मुलाची शाखा ठरविणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी झाला. आधी मदरशात उर्दू-फारसीचे शिक्षण, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. लहानपणीच त्यांचे डोळे दुखावले आणि उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेण्यात आले. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षात, ते लंडनच्या शाळेत दाखल झाले. भाऊ सॉलिसिटर झालेला पाहून आपण बॅरिस्टर व्हावे असे त्यांनी ठरविले होते. १८६३ साली त्यांनी लंडन विद्यापीठात आणि मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत नाव घातले. आणि तेथेच गाडे अडले. डोळे इतके बिघडले की पुस्तक वाचणे अशक्य झाले, आणि १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वडीलही १८६३ मध्ये अल्लाला प्यारे झाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, त्या वेळची मुंबई तुम्ही डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आलेला. शहरभर शेअरचा जुगार माजलेला. वीस वर्षांच्या, घरचा व्यापार असलेल्या तरुणाला ते शिक्षण विसरून पेढीवर बसणे किती सोपे होते! डोळ्यांचे कारण तर सबळ होते. कोणी नावे ठेवली नसती. १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील भल्याभल्यांच्या पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस बद्रुद्दीन पुन्हा लंडनला गेले आणि सोडलेला अभ्यास त्यांनी जेथे सोडला तेथून पुढे धरला. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस होते. मधल्या वर्षाचा खंड पडला म्हणून आयुष्य संपले, असे मानून घरी बसणारे विद्यार्थी आपल्याकडे कमी नाहीत. एक विषय राहिला की कॉलेजचे तोंड न पाहणारेही आहेत.

बॅरिस्टरीचे शिक्षण कसे असे, हेही समजून घेण्यासारखे आहे. तेथे नुसती परीक्षा देऊन भागत नसे. ठरावीक सत्रे संस्थेत हजेरी लावावी लागे, आणि ती हजेरी म्हणजे काय, तर सभागृहात वडीलधाऱ्या वकिलांच्या सोबतीने जेवण घेणे! आपल्याला ऐकून हसू येते. पण त्या टेबलावर तरुणाला धंद्याची बोलीचाली, संयम, कोणाशी कसे वागावे आणि कोणत्या गोष्टी जिवावर बेतल्या तरी करू नयेत, हे शिकावयास मिळे. मोठ्या वकिलाच्या कचेरीत बसून त्याची कागदपत्रे वाचणे, हीही एक वहिवाट होती. आपल्याकडे याला उमेदवारी म्हणतात. सुताराचा, शिंप्याचा, मोटार मेकॅनिकचा मुलगा उमेदवारी करूनच कारागीर होतो. पदवीधराला मात्र ती कमीपणाची वाटते. १९६१ सालापासून आपल्या देशात शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, आणि २०१६ पासून त्यासाठी केंद्र सरकारची प्रोत्साहन योजनाही आली. आय.टी.आय.च्या मुलांप्रमाणे पदवीधरांनाही तिचा लाभ घेता येतो. ज्यांच्या घरात यंदा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे त्यांनी निदान कॉलेजच्या कचेरीत त्याची चौकशी करावी. एक वर्ष थोडक्या विद्यावेतनावर काम केले तर पोराचे वर्ष वाया गेले असे समजू नये.

डिसेंबर १८६७ मध्ये बद्रुद्दीन मुंबईस आले आणि हायकोर्टात उभे राहिले. मुंबई हायकोर्टातील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. आता पहिला हा शब्द अभिनंदनाच्या भाषणात छान शोभतो. प्रत्यक्ष काम करताना तो ओझे होतो. बाकीचे सारे बॅरिस्टर युरोपियन. न्यायाधीश युरोपियन. आणि हिंदी पक्षकारांचीही समजूत अशी की साहेबासमोर साहेबच उभा राहिला पाहिजे. आपल्याच माणसाचा आपल्या माणसावर विश्वास नसणे हा अनुभव काही नवा नाही. वस्तीतल्या डॉक्टराला सोडून दूरच्या डॉक्टराकडे आपण आजही जातोच.

हायकोर्टाच्या या शाखेत बॅरिस्टरला पक्षकार थेट भेटत नसे. सॉलिसिटर खटल्याची कागदपत्रे तयार करी आणि मग आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला ते काम देई. म्हणजे बॅरिस्टर म्हटला की तो सॉलिसिटरच्या मर्जीवर. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर होते, आणि सुरुवातीची कामे मिळण्यास या नात्याचा उपयोग झालाच असणार. ही गोष्ट मी झाकून ठेवीत नाही, कारण ओळखीशिवाय नोकरी नाही असे आपले विद्यार्थी मला नेहमी ऐकवितात आणि त्यात थोडे तथ्य आहे. परंतु हिशेब करा. भाऊ पहिला खटला देईल, दुसरा देईल. मुंबईतील इतर सॉलिसिटर, ज्यांचे तय्यबजींशी रक्ताचे नाते नव्हते, ते आपल्या अशिलाचा पैसा आणि अब्रू या तरुणाच्या हवाली का करू लागले? कारण तो कागद न वाचता कोर्टात येत नसे. अधू डोळ्यांचा हा माणूस साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ लागला की समोरच्याला त्याने सारी कागदपत्रे पाठ केली आहेत की काय असे वाटे, अशी त्यांची ख्याती झाली. आवाज न चढविता बोलणे, मुद्दा सोडून न भटकणे आणि न्यायाधीशापुढे लाचार न होणे या गुणांवर काही वर्षांतच त्यांची वकिली मुंबईतील पहिल्या प्रतीची म्हणून गणली जाऊ लागली. ओळखीने दार उघडते खरे, पण आत राहू देणारा माणूस निराळा असतो, आणि तो आपले काम तपासत असतो.

आणखी एक. त्यांचे छायाचित्र पाहा. दाढी, डोक्यावर पगडी, अंगात पायघोळ झगा. इंग्रजी भाषेवर इतके प्रभुत्व मिळवूनही हा मनुष्य आपल्या पेहरावात आणि आपल्या धर्माचरणात राहिला. इंग्रजी शिकल्याने दीन जातो असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची त्यांना गरज पडली नसावी.

सार्वजनिक जीवनातील त्यांचा क्रम मी भराभर सांगतो, कारण तो पुस्तकांत सापडतो. १८७३ पासून मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशन, १८७५ पासून विद्यापीठाचे सिनेट, १८८२ साली मुंबईचे कायदे कौन्सिल. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी ही त्रयी त्या काळच्या मुंबईचे भूषण मानली जाई. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८५ साली तिघांनी मिळून बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच वर्षाअखेर राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्षपद तय्यबजींकडे आले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १८७४ साली, म्हणजे वकिलीत नाव होऊ लागल्यावर लवकरच, तय्यबजींनी बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मोहम्मद आदि मंडळींच्या साहाय्याने मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था काढली. या नावांत रोगे यांचे नाव आपण कोकणातल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावे. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, कप्तान. ज्या धंद्याचे दिवस सरत आले होते त्या धंद्यातील मान्यवर पुरुष शाळा काढण्यासाठी पुढे आला. शिडाची जहाजे परत आणा, आगबोटी बंद करा, असे त्यांनी सरकारला साकडे घातले नाही. आपल्या पोरांना आगबोटीच्या कंपनीत, रेल्वेत, कस्टमात, कोर्टात आणि शाळाखात्यात बसता येईल असे काय शिकवावे, याचा विचार त्यांनी केला.

पहिली काही वर्षे सभा, चर्चा आणि वर्गणी यांतच गेली. संस्था चालविणाऱ्यांना ही वर्षे ओळखीची वाटतील. १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली. तेथे उर्दू, फारसी आणि धर्मशिक्षण होते, आणि त्यांच्याबरोबरीने इंग्रजी, गणित व इतर विषय होते. ही जोडणी आज आपल्याला साधी वाटते. त्या वेळी मात्र समाजातील एक पक्ष म्हणे की इंग्रजी नको, आणि सरकारी शाळांची रीत अशी की उर्दूला तेथे फारसा थारा नाही. आपल्या मुलांची दोन्हींकडून कुचंबणा होत होती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोग बसला तेव्हा तय्यबजींनी त्याच्यापुढे मुंबई इलाख्यातील मुसलमानांच्या शिक्षणाची स्थिती मांडली. त्यांच्या मांडणीत सरकारच्या उणिवा होत्या तशा आपल्या समाजाच्याही होत्या. जुन्या वैभवाचा अभिमान, गरिबी, आणि इंग्रजी शिक्षणाची किंमत न कळणे. स्वतःच्या समाजाचे दोष परक्यांपुढे बोलून दाखविणे फार जणांना आवडले नसेल. पण रोग लपवून औषध मागता येत नाही, हे तो वकील जाणत होता.

संस्थेचे ते प्रथम चिटणीस होते, पुढे अध्यक्ष झाले आणि अखेरपर्यंत तिचे आधार राहिले. बोरीबंदरसमोर आज जी अंजुमनची भव्य इमारत आहे तिची कोनशिला १८९० साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते बसली आणि १८९३ साली गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी तिचे उद्घाटन केले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून रस्ता ओलांडला की ती दिसते. तुमच्यापैकी ज्यांनी ठाण्याहून गाडीने मुंबई गाठली आहे त्यांनी ती पाहिली असेल, नाव न वाचताच पुढे गेले असाल. जागेची निवड पाहा. मुंबईत परगावाहून येणारा प्रत्येक मनुष्य ज्या स्टेशनात उतरतो त्याच्या दाराशी मुसलमान मुलांची शाळा असावी. ज्या नोकऱ्यांसाठी मुलांना तयार करावयाचे त्या कचेऱ्या, ते कोर्ट, ते कस्टम हाऊस, सारे पायी जाण्याच्या अंतरावर.

याच काळात त्यांचा सर सय्यद अहमदखान यांच्याशी जो मतभेद झाला तो तुम्ही नीट समजून घ्यावा, कारण त्याचे मूळ थेट नोकरीच्या प्रश्नात आहे. राष्ट्रीय सभेची एक मागणी अशी होती की वरच्या सरकारी नोकऱ्यांच्या स्पर्धापरीक्षा हिंदुस्थानातही घ्याव्यात. सर सय्यद यांना वाटे की अशा परीक्षा झाल्या तर इंग्रजी शिक्षणात मागे असलेले मुसलमान पार मागे पडतील. तेव्हा राष्ट्रीय सभेपासून दूर राहावे. १८८८ साली दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. तय्यबजींचे म्हणणे असे की मुसलमानांना जे अपायकारक वाटेल त्याला सभेत शिरून विरोध करावा, बाहेर राहून काही साधत नाही. त्यांच्याच आग्रहाने त्या वर्षी अलाहाबादच्या अधिवेशनात असा नियमही झाला की ज्या प्रस्तावाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमताने वा जवळजवळ एकमताने विरोध असेल तो चर्चेस घेऊ नये. दोघांपैकी कोण बरोबर याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. सर सय्यद यांची भीती खोटी नव्हती. अलीगढचे कॉलेज त्याच भीतीतून उभे राहिले आणि त्याचे उपकार आपण विसरू शकत नाही. पण आपल्या मुलांच्या बाबतीत मी तय्यबजींच्या बाजूचा आहे. लोकसेवा आयोगाचा, बँकेचा, रेल्वेचा अर्ज भरण्याआधीच आपला काही तेथे लागत नाही असे म्हणून जो मुलगा अर्जच भरीत नाही, त्याचे नाव निवड यादीत नसते यात आश्चर्य कसले? पक्षपात होत नाही असे मी म्हणणार नाही. तो कोठे होतो हे सिद्ध करण्यासाठी तरी परीक्षेला बसलेली माणसे लागतात. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली, तय्यबजींच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या वर्षी आला. त्यातही आपण नोकऱ्यांत मागे आहोत हे दिसले तसेच पदवीपर्यंत पोचणारी आपली मुले मुळात थोडी आहेत हेही दिसले.

आणि मतभेदाचा शेवट कसा झाला पाहा. सर सय्यद यांनी १८८६ साली सुरू केलेल्या मुसलमानी शिक्षण परिषदेचे अधिवेशन १९०३ साली मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्षपदी बद्रुद्दीन तय्यबजी होते. सर सय्यद १८९८ मध्येच निवर्तले होते. राजकारणात ज्याच्याशी पटले नाही त्याच्या शाळेचे काम पुढे नेण्यास त्यांना संकोच वाटला नाही. त्या अधिवेशनात त्यांनी स्त्रीशिक्षणाची आणि पडद्याच्या अतिरेकाची गोष्ट काढली. बोलण्याचा अधिकार त्यांना होता, कारण स्वतःच्या साऱ्या मुलींना त्यांनी मुंबईत शिकविले होते आणि पुढच्याच वर्षी, १९०४ साली, दोघींना इंग्लंडमध्ये हॅसलमिअर येथील वसतिगृहाच्या शाळेत पाठविले. आपल्या वस्तीत दहावी-बारावीला मुली मुलांच्या पुढे असतात आणि मग एकाएकी वर्गातून दिसेनाशा होतात. त्यांच्या बापांनी हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचावा अशी माझी विनंती आहे.

जून १८९५ मध्ये तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले मुसलमान. बॅरिस्टराचे उत्पन्न आणि न्यायाधीशाचा पगार यांत आपल्याकडे कोणी कशाची निवड करील ते सांगावयास नको. दोनच वर्षांनी त्यांची कसोटी लागली. जुलै १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. त्यांना जामीन देण्याचे आधी नाकारले गेले होते. पुण्यात रँडसाहेबाचा खून झालेला, इंग्रजी वर्तमानपत्रे खवळलेली, आणि सरकारची इच्छा काय आहे हे कोणालाही कळण्यासारखे. खटला सेशनकडे गेल्यावर जामिनाचा अर्ज तय्यबजींपुढे आला. आरोपीला बचावाची तयारी करण्यास सवड मिळणे हा त्याचा हक्क आहे, या भूमिकेतून त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांचे आणि तय्यबजींचे राजकारण एक नव्हते. पुढे दुसऱ्या न्यायाधीशापुढे खटला चालून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ते वेगळे. सरकारने नेमलेल्या, सरकारचा पगार घेणाऱ्या न्यायाधीशाने सरकारला नको असलेला हुकूम दिला, आणि तरी त्याची नोकरी गेली नाही. उलट १९०२ साली हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून त्यांनी काम पाहिले. मुंबईत त्या खुर्चीवर त्यांच्या आधी एकही हिंदी मनुष्य बसला नव्हता. वरिष्ठांना खूष ठेवले म्हणजेच जागा टिकते, असे नोकरीला लागलेल्या मुलांना घरचीच वडील माणसे शिकवितात. वेळेवर जाणे, हिशेब चोख ठेवणे, आपले काम दुसऱ्याने तपासून पाहिले तरी भीती नसणे, हे शिकविणारे थोडे.

घरात त्यांनी काय पेरले ते मुलांच्या व पुतण्यांच्या वाटचालीत दिसते. त्यांचा मुलगा मोहसीन आय.सी.एस. झाला. दुसरा मुलगा फैज बॅरिस्टर व न्यायाधीश झाला, आणि मुस्लिम कायद्यावरील त्याचा ग्रंथ कायद्याचे विद्यार्थी अजून चाळतात. पुतण्या अब्बास तय्यबजी बडोद्याच्या हायकोर्टात न्यायाधीश होता आणि उतारवयात महात्मा गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेला.

१९०६ साली तय्यबजी रजेवर लंडनला गेले होते. तेथे १९ ऑगस्ट रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे एकाएकी निधन झाले. ज्या शहरात सोळाव्या वर्षी अधू डोळ्यांनी पुस्तके घेऊन बसले होते तेथेच, एकसष्टाव्या वर्षी.

अंजुमनचे काम त्यांच्या मागे थांबले नाही. मुलींची शाळा निघाली. भायखळ्याला साबू सिद्दिक यांच्या नावाने तंत्रशिक्षण सुरू झाले, ज्यातून मुसलमान कारागिरांची मुले यंत्रे चालविण्यास शिकली, आणि १९८४ साली तेथे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. १९६९ साली वाणिज्य महाविद्यालय निघाले. पनवेलला नवे तंत्र संकुल उभे राहिले. ठाणे, मुंब्रा, कल्याण, भिवंडी या भागांतून त्या त्या संस्थांत जाणारी मुले पहाटेच्या लोकलला लटकून जातात. ज्यांना तेथे प्रवेश घ्यावयाचा आहे त्यांनी जून उजाडण्याची वाट पाहू नये. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांना जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा दाखला लागतो, आणि हे कागद हाती पडावयास कित्येक आठवडे जातात.